पायाखालची पुंजी
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, ताळेबंद आणि घसारा हे माझे विषय. आपल्यासारख्या जाणकारांसमोर मी शरीररचनेवर बोलणे हा अधिकाराचा अतिक्रमच ठरेल. तथापि प्रशासकाच्या टेबलावर प्रत्येक शस्त्रक्रियेचा कागद केव्हा ना केव्हा येतो. त्यांत मधुमेही रुग्णाचे बोट किंवा पाऊल काढल्याचा कागद आला, की मन अस्वस्थ होते. कारण यांतील पुष्कळशा शस्त्रक्रिया वेळीच लक्ष दिले असते तर टळल्या असत्या, असे आपलेच शल्यचिकित्सक वारंवार सांगतात. म्हणून आज पावलाविषयी, विशेषतः पावलाची हाडे एकत्र बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतींविषयी, मला उमगले तेवढे सांगण्याची अनुज्ञा असावी.

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे प्रौढ शरीरातील २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. एवढी हाडे आणि त्यांमधील ३३ सांधे. परंतु त्यांना चिकटवणारा चुना नाही की सिमेंट नाही. सारा डोलारा उभा आहे तो बांधणीवर. हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुरज्जू आणि तळव्याच्या कातडीखाली टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला एक जाड, पांढुरका पट्टा ही ती बांधणी. या पट्ट्याला डॉक्टर ‘प्लांटर फॅशिया’ म्हणतात. या सर्वांचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. काथ्याचा एक धागा सहज तुटतो, पण अनेक धागे वळून केलेला दोर बैलगाडी ओढतो, तसाच हा प्रकार आहे. दोर ताण सोसतो. रेटा मात्र सोसू शकत नाही. पावलात रेटा हाडांनी सोसायचा आणि ताण या दोरांनी, अशी कामाची चोख वाटणी आहे.

आपल्या भाषेत ‘कमान’ या शब्दाचा एक अर्थ धनुष्य असा आहे, आणि पावलाच्या बाबतीत तो अगदी यथार्थ आहे. टाच आणि बोटांची मुळे ही धनुष्याची दोन टोके, मधली हाडे हा त्याचा दांडा आणि तळव्याचा पट्टा ही प्रत्यंचा. आपण उभे राहिलो की शरीराचा भार कमानीवर वरून येतो व तिची टोके एकमेकांपासून दूर सरू पाहतात. पट्टा ताणला जातो आणि त्यांना धरून ठेवतो. त्याच्या जोडीला तळव्यातील अस्थिबंध आणि लहान स्नायूही असतात.

ही रचना केवळ आधार देते असे मात्र नाही. बसल्या जागी आपण एक प्रयोग करून पाहावा. पादत्राणे काढून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि हाताने पायाचा अंगठा वर उचला. आतल्या बाजूची कमान आपोआप उंचावलेली बहुतेकांना दिसेल. पट्ट्याच्या पुढच्या शाखा बोटांच्या मुळाशी जोडलेल्या आहेत. बोटे वर वळली की पट्टा हाडाच्या गोल डोक्यांभोवती, रहाटावर दोर गुंडाळावा तसा, गुंडाळला जातो. तो आखूड पडतो व टाच पुढे ओढली जाऊन कमान ताठ होते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली याचे वर्णन केले. चालताना टाच उचलली जाते त्या क्षणी नेमके हेच घडते. जमिनीवर टेकताना लवचीक असलेले पाऊल रेटा देताना ताठ होते, आणि त्यासाठी वेगळा हुकूम द्यावा लागत नाही.

१९८७ साली आर. एफ. केर, आर. मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या पावलांवर यंत्राने भार देऊन मोजमापे घेतली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे धावताना प्रत्येक पावलागणिक जी ऊर्जा शरीरात खालीवर होते, तिच्यापैकी सुमारे ३५ टक्के टाचेमागील जाड स्नायुरज्जूत आणि सुमारे १७ टक्के पावलाच्या कमानीत ताणाच्या रूपाने साठते. त्यातील बहुतांश पुढच्याच क्षणी परत मिळते. आमच्या परिभाषेत सांगायचे तर ही अल्प मुदतीची ठेव असून तिच्यात बुडीत रक्कम फारच थोडी आहे.

टाचेखालची गादीही अशीच विलक्षण आहे. तेथील चरबी नुसती भरलेली नसते. चिवट तंतूंच्या भिंतींनी तिचे मधाच्या पोळ्यासारखे छोटे छोटे कप्पे पाडलेले असतात. भार आला तरी कप्प्यातील चरबी बाजूला पळू शकत नाही, म्हणून धक्का शोषला जातो. वय वाढते तशी ही गादी आपला लवचीकपणा गमावत जाते.

आता घसाऱ्याचा विचार करू. स्नायूच्या मानाने या पट्ट्यांना व दोरांना रक्ताचा पुरवठा अल्प असतो. त्यामुळे त्यांची झीज भरून येण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, चार पावले चालल्यावर ती ओसरते, ही तक्रार तासन्‌तास उभे राहणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींना नवीन नाही. टाचेपाशी पट्टा जोडला जातो तेथील ही झीज आहे. एक्स-रेमध्ये टाचेचे वाढलेले हाड दिसले की रुग्ण घाबरतो. परंतु असे हाड मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. सकाळी पलंगावरच पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा अंक मोजेपर्यंत धरावीत. असे दहा वेळा करावे आणि मगच जमिनीवर पाऊल ठेवावे. या व्यायामाला एक पैसाही पडत नाही.

टाचदुखीचा रुग्ण निदान आपल्याकडे येतो, कारण त्याला दुखते. ज्याला दुखत नाही, त्याची चिंता अधिक आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तातील साखर कोलॅजेनच्या तंतूंना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडून टाकते. तळव्याचा पट्टा जाड होतो, टाचेमागील दोर ताठरतो, सांधे आखडतात. परिणामी चालताना भार बोटांच्या मुळाशी अधिक काळ व अधिक जोराने पडतो. तेथे घट्टा धरतो व घट्ट्याखाली जखम होते. त्याच वेळी पावलाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे रुग्णाला काहीच कळत नाही. चपलेतील खिळा दिवसभर रुतत राहतो आणि संध्याकाळी मोज्यावरच्या डागावरून उमगते.

बधिर पावलाचा हा धडा जगाला मिळाला, त्यात आपल्या देशातील कुष्ठसेवेचा मोठा वाटा आहे. १९४६ साली वेल्लोर येथे रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णाची बोटे रोगामुळे आपोआप ‘झडत’ नाहीत; वेदना नाहीशी झाल्याने न कळत होणाऱ्या इजा त्यांचा नाश करतात. वेदनेला त्यांनी देणगी मानले. मऊ रबराची साधी चप्पल असंख्य पावलांचे रक्षण करते, हेही या सेवेने सिद्ध केले.

आता देणगीदारांना एक गोष्ट नम्रपणे, पण स्पष्ट सांगतो. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या ‘जयपूर फूट’विषयी आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. कृत्रिम पायांच्या शिबिरासाठी आपण सढळ हाताने देता. छायाचित्रात तो पाय दिसतो. वाचलेला पाय मात्र छायाचित्रात दिसत नाही; तो रुग्णाच्या चपलेतच राहतो. म्हणून पाय वाचविण्यासाठी पैसे मागताना माझी जीभ अडखळते. परंतु रबराचे पाऊल कितीही उत्तम असले, तरी त्याला खिळा टोचलेला कळत नाही आणि त्याची झीज स्वतःहून भरून येत नाही.

माझा प्रस्ताव लहान आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात एक खुर्ची, एक प्रशिक्षित परिचारिका आणि १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तपासणी-धागा एवढे असावे. औषधाची चिठ्ठी मिळण्यापूर्वी प्रत्येक मधुमेही रुग्णाची पादत्राणे उतरवून पावले तपासली जावीत. ज्यांची पावले बधिर आढळतील, त्यांना मऊ रबराची चप्पल ना नफा तत्त्वावर मिळावी. घरात अनवाणी वावरण्याची आपली रीत आहे. अशा रुग्णांनी घरातली वेगळी चप्पल ठेवावी, रोज रात्री आरसा धरून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, पाय गरम पाण्याने शेकू नयेत आणि घट्ट्याला वा कुरुपाला ब्लेड लावू नये, हे त्यांना मराठीत छापून हाती द्यावे.

भांडवल शाबूत ठेवून खर्च चालवावा, असे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. कष्टकरी माणसाचे भांडवल म्हणजे त्याची दोन पावले. पाऊल गेले की मजुरी जाते, आणि तिच्यामागे मुलांचे शिक्षण जाते. ते भांडवल राखण्याच्या या कामासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळाला विनंती करून आपली रजा घेतो.