गाडीतला गारवा कुठे हरवतो?

मे महिन्यातली दुपार. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला यवतमाळहून नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे आहे. वाट सुमारे दीडशे किलोमीटरची, पारा ४३-४४ अंशांवर. अशा वेळी गाडीतला एसी गरम वारा फेकू लागला तर? तरण्या माणसाला घाम फुटेल. पण म्हाताऱ्याच्या, तान्ह्या लेकराच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा एसीचा बिघाड ओळखणे ही नुसती चैनीची गोष्ट नव्हे.

आधी तो चालतो कसा ते पाहू. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार. गुरुजींनी मुलांच्या हातावर थेंबभर स्पिरिट लावावे, म्हणजे हे लगेच पटेल. गाडीतही तेच. काँप्रेसर गॅस दाबतो. समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. मग आतल्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होते आणि गाडीतली उष्णता शोषली जाते. माठातले पाणी उडून जाते, हा गॅस मात्र बंद नळ्यांत फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपेल. पण एकाच हंगामात संपला, तर गळती आहे असे समजा.

आता खुणा पाहू. वारा गार आहे, पण जोर नाही? आतली गाळणी धुळीने भरली असेल. ती काढून झटका, फारच मळली असेल तर बदला. गाडी धावताना गार आणि उभी राहिली की गरम? समोरचा पंखा बंद असेल किंवा जाळी चोंदली असेल. आपला जिल्हा कापसाचा. वणीकडे कोळशाची धूळ. ही जाळी चोंदायला वेळ लागत नाही. इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा आणि पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवा. जोराच्या धारेने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात.

वारा भरपूर, पण गरम? गॅस कमी असेल किंवा काँप्रेसर सुरू होत नसेल. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच. कुबट वास आला तर आत बुरशी. गाडीखाली पाणी ठिबकले तर घाबरू नका, ते हवेतलेच पाणी. पण तेच पायाशी साचले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

नळ्या मात्र घरी खोलू नका. उसळलेल्या गॅसने कातडी आणि डोळे गोठून इजा होते. शिवाय पुष्कळ गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवा तापवण्यात कर्बवायूपेक्षा हजारपटीहून जहाल आहे. मिस्त्रीला म्हणावे, “दादा, आधी गळती शोधा, मग नळ्यांतली हवा ओढून काढा आणि गॅस वजनाने भरा.” किती ग्रॅम भरायचा हे पुष्कळदा बोनेटखालच्या चिठ्ठीवर असते.

आणि वाटेतच एसी बंद पडला तर काचा उघडा, सावलीत थांबा, पाणी पाजा. बंद गाडीत लेकराला घटकाभरही एकटे ठेवू नका. गाडी पुढल्या आठवड्यात दुरुस्त होईल, जीव मात्र आजच सांभाळायचा असतो.