कौल कुणाचा घ्यायचा?

आमच्या भवानी पेठेत विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड ऐकू येते आणि दुकानात भाव मात्र मराठीत ठरतो. इथल्या कितीतरी कुटुंबांचे आजे-पणजे तेलंगणातून मागासाठी आले. अशा पेठेत राज्याच्या सीमेचा कौल घ्यायचा झाला, तर मत कुणाला?

1967 साली महाजन आयोगाने जवळचा अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती फेटाळली. पण तिथे मतदान कधी झालेच नाही. त्याच वर्षी 16 जानेवारीला गोव्यात झाले. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते, विरोधात 1,72,191. निकाल अनेकांना बोचला, तरी मानला गेला.

18 सप्टेंबर 2014 रोजी स्कॉटलंडने ब्रिटनमध्येच राहण्याचा कौल दिला. करांचा हिशेब, बाहेरून येणारी माणसे, सगळ्यांवर वाद झडले. पण लंडनला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते आणि तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीयाला होते!

हा नियम मला पटतो. पणजोबा कुठून आले, यापेक्षा आज चूल कुठे पेटते, हे आधी विचारावे.