भारी कोण, हे कधी ठरतं?



अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि एका मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला येतात तीसेक सामने. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून ही कॉलेजं तीसेक गटांत विभागलेली आहेत. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. एसीसी, एसईसी, बिग ईस्ट, बिग टेन ही त्यांतली मातब्बर नावं. यांत भारी कोण, हा वाद दर हिवाळ्यात रंगतो. तो नुसत्या अभिमानाचा नसतो. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ घेतात. कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश असतो, पण निम्म्याहून अधिक जागा निवड समिती भरते. तुम्ही किती जिंकलात याबरोबरच कोणाशी जिंकलात, हेही ती पाहते.

आता एक साधा हिशेब करू. एसईसीत 16 संघ आहेत आणि प्रत्येक जण आपसांत 18 सामने खेळतो. म्हणजे एकूण 144 सामने, 144 विजय आणि 144 पराभव. संघ बलाढ्य असोत की लिंबूटिंबू, बेरीज निम्मी-निम्मीच येणार. या खिशातले पैसे त्या खिशात घातले म्हणून घरची मिळकत वाढत नाही, तसंच हे. जानेवारीपासून कॉन्फरन्समधले संघ एकमेकांना हरवत राहतात. त्यातून आपसांतली क्रमवारी कळते, कॉन्फरन्सचं वजन कळत नाही.

ते ठरतं नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेरच्यांशी गाठ पडते तेव्हा. 2024 च्या डिसेंबरात एसईसी आणि एसीसी यांच्यात 16 सामने झाले. त्यांतले 14 एसईसीने जिंकले. पुढे एसईसीचे संघ आपसांत हरले, तरी ते तगड्या संघांकडूनच हरले असं धरलं गेलं. मार्चमध्ये त्यांच्या 16 पैकी 14 संघांना प्रवेश मिळाला. एका कॉन्फरन्सचे इतके संघ त्याआधी कधीच गेले नव्हते. अंतिम सामन्यात एसईसीच्याच फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असं हरवलं.

अर्थात बाहेरचा प्रत्येक विजय सारख्या मोलाचा नसतो. मोठी कॉलेजं छोट्या कॉलेजांना पैसे मोजून आपल्या मैदानावर बोलावतात आणि धुऊन काढतात. म्हणूनच 2018-19 पासून वापरात आलेल्या 'नेट' या क्रमवारीच्या आधारे विजयांची प्रतवारी करताना जागाही पाहतात. घरच्या मैदानावर पहिल्या 30 तल्या संघाला हरवा किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75 तल्या, दोन्ही विजय अव्वल वर्गातच मोडतात.

मग मार्चच्या निकालांचं काय? 2011 साली बिग ईस्टचे तब्बल 11 संघ स्पर्धेत होते आणि शेवटच्या 16 त पोहोचले फक्त दोन. बिग ईस्टचा नुसताच गवगवा, अशी ओरड झाली. पण त्या दोघांनीही तिथवर पोहोचताना बिग ईस्टच्याच एकेका संघाला घरी पाठवलं होतं! त्यांतला एक होता कनेटिकट. साखळीत हा संघ नववा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेत पिट्सबर्गशी 74-74 अशी बरोबरी असताना कनेटिकटच्या केम्बा वॉकरने अखेरच्या क्षणी हुलकावणी देत एक पाऊल मागे घेतलं. समोरचा उंचापुरा बचावपटू तोल जाऊन कोलमडला, आणि वॉकरने बास्केट साधली. पाच दिवसांत पाच सामने जिंकून कनेटिकटने ती स्पर्धा मारली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. ज्या कॉन्फरन्सचा नववा संघ देशात पहिला येतो, तिला कमकुवत कसं म्हणायचं?

बाद फेरीत एका वाईट रात्रीने भला संघ गारद होतो. त्यातून त्या रात्रीचा विजेता कळतो, डझनभर संघांची सरासरी नाही. तेव्हा मार्चमध्ये कोणी कॉन्फरन्सच्या नावाने छाती फुगवली किंवा नाकं मुरडली, तर त्याला एवढंच विचारा: डिसेंबरपर्यंत बाहेरच्यांशी किती सामने जिंकलात, आणि कोणाच्या मैदानावर?