फुरसुंगीचा बनेश परत आला तेव्हा

(भिगवण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पुण्याहून सोलापूर रस्त्याने इकडे यायला निघालं, की हडपसर मागे पडता पडता उजव्या हाताला फुरसुंगीकडे जाणारा रस्ता लागतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. त्या गावच्या एका लुकड्या पोराला भा. रा. भागवतांनी मराठी घराघरांत नेलं. त्याचं नाव बनेश फेणे, म्हणजेच आपला फास्टर फेणे. पुस्तकांनंतर तो दूरदर्शनच्या मालिकेत आला, तेव्हा सुमीत राघवन बनेश झाला होता. मग मोठा खंड पडला. 2001 साली भागवत गेले आणि 2017 साली बनेश मोठ्या पडद्यावर परतला. आदित्य सरपोतदारांचं दिग्दर्शन, क्षितिज पटवर्धनांचं लेखन आणि नायक अमेय वाघ. आज बोलायचं आहे ते या उशिरा झालेल्या परतीबद्दल.

लाडकी साहसमालिका बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो नायकाच्या वयाचा. हॉलिवूडच्या ‘इंडियाना जोन्स’चं पाहा. 1981, 1984 आणि 1989 असे तीन चित्रपट आले. त्यांतल्या दुसऱ्यात आपले अमरीश पुरी खलनायक होते. मग थेट 2008 आणि त्यानंतर 2023. दरम्यान हॅरिसन फोर्ड ऐंशीला आले. तिथं नटाबरोबर नायकालाही म्हातारं होऊ दिलं आणि शेवटच्या चित्रपटाच्या सुरुवातीला संगणकाच्या मदतीने त्याचा चेहरा पुन्हा तरुण केला. मला तो चेहरा पाहवला नाही. सुरकुतलेला जोन्स मात्र मनापासून आवडला, कारण त्याच्या थकण्यात खरेपणा होता.

भागवतांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. वीस पुस्तकांत बनेश शाळकरीच राहिला. चीनच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या ‘जवानमर्द फास्टर फेणे’मध्येही तो शाळकरी आणि पुढे काश्मिरात गुलमर्गचं गूढ उकलतानाही शाळकरीच. भोवतालचा देश बदलत गेला, बनेशची इयत्ता मात्र फारशी पुढे सरकली नाही. वाचणाऱ्या मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण वाचणारी मुलंही दरवेळी नवीन असायची. थोरला भाऊ कॉलेजात गेला की पुस्तक धाकट्याकडे यायचं. कव्हर फाटलेलं, मधली दोन पानं गायब, आणि त्या दोन पानांत काय घडलं असेल यावर घरात वाद.

2017च्या चित्रपटाने ही सोय मोडली. तिथला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण आहे. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा मरतो. पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटतं, बनेशच्या मनात मिटत नाही. माग काढता काढता तो प्रवेश परीक्षांच्या घोटाळ्यापर्यंत आणि गिरीश कुलकर्णींच्या अप्पापर्यंत पोचतो. गोष्टीची ही निवड मला फार नेमकी वाटते. बारामती-इंदापूर भागातली किती मुलं बारावीच्या आधीच लातूरला, पुण्याला क्लास लावतात, घरचे त्यासाठी काय काय विकतात, हे इथं मी सांगायला नको. सीमेवरचा शत्रू जाऊन परीक्षेची टोळी आली. काळ बदलला की खलनायकही बदलायला हवा, हे लेखकाने ओळखलं.

मूळ बनेशचा स्वभाव मात्र त्यांनी जपला. भागवतांच्या गोष्टीत संकट ढोल वाजवत येत नाही. मोठी माणसं ज्याच्याकडे काणाडोळा करतात, असं काहीतरी बारीकसं बनेशला खटकतं. जीभ टाळूला लागून ‘ट्टॉक’ असा आवाज निघतो आणि गडी सायकलवर टांग मारतो. दुसऱ्याच्या भानगडीत आपण कशाला पडा, हा शहाणपणा त्याच्यापाशी नाही. चित्रपटातल्या बनेशपाशीही नाही, म्हणून तो मला परका वाटला नाही. आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले खुद्द भा. रा. भागवत त्याच गोष्टीत एक पात्र होऊन वावरतात! आपल्या हयातीनंतर आपल्याच नायकाशी बोलत बसायचं भाग्य किती लेखकांना मिळालं असेल?

इतकं आवडूनही माझी एक तक्रार आहे आणि ती मी जोरात मांडणार आहे. हा चित्रपट आपल्यासाठी झाला. लहानपणी ज्यांनी फेणे वाचला, त्यांच्याबरोबर बनेशला मोठं केलं. पण आज जे पोर पाचवी-सहावीत आहे, त्याला काय मिळालं? आपण आपल्या आठवणीची सोय पाहिली आणि बनेश ज्यांचा होता, त्यांच्या वाट्याला तो यायचाच राहिला.

आणि गोष्टींना इथं काय तोटा आहे? उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. डिकसळ, कुंभारगावच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि त्याच पाण्यात वाळूच्या यांत्रिक बोटी चालतात. महसूलचं पथक येतं, बोट जिलेटिनने उडवतं, पुढच्या महिन्यात दुसरी बोट हजर. समजा, एक मुलगी पहाटे वडिलांबरोबर जाळी काढायला गेलेली आहे. नेहमीच्या जागी रोहित उतरलेले नाहीत, हे एकट्या तिच्या ध्यानात येतं. का उतरले नसतील? भागवतांची गोष्ट इथून सुरू झाली असती. रात्री तिथं कोण आलं होतं, कुणाच्या ट्रॅक्टरची चाकोरी काठावर उमटली आहे, तलाठ्यापर्यंत खबर पोचवायची तर मधे कोण कोण आहे... तिला सायकल असली म्हणजे झालं.

चित्रपटात भूभू नावाचा एक मुलगा आहे. शुभम मोरेने तो झकास केला आहे. रस्त्यावर वाढलेला, पुण्याची गल्लीबोळं पाठ असलेला, बनेशच्याही पुढे धावणारा. मला विचाराल तर त्या चित्रपटातला खरा फास्टर फेणे तोच. दुसरा भाग कधी निघालाच, तर बनेशला डॉक्टर होऊ द्यावं आणि सायकल भूभूच्या हाती द्यावी.