पोटगी बुडवायला लागणारे हात

मोताळा, मलकापूर, नांदुरा आणि बुलढाण्याहून आलेले दस्तलेखक, हिशेबनीस, कर-सल्लागार, अडते, सोसायट्यांचे सचिव आणि माझ्या वकील बंधुभगिनींनो,

अध्यक्षीय भाषणात व्यवसायाचा सगळा आढावा घ्यायची रीत आहे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून अनेकांनी विचारला आहे, आणि तुमच्याही कानावर आला असणार: "बाई, वावर भावाच्या नावावर करून देलं तं पोटगी लागन काय?"

हे विचारणाऱ्या माणसाला एकट्याने काहीच करता येत नाही. वावर भावाच्या नावावर करायला बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र लिहिणारा लागतो, साक्षीला दोघं लागतात. कापूस याचा आणि पट्टी आईच्या नावाची, असं करायचं तर अडतीवर वही लिहिणारा लागतो. जिनिंगमध्ये पंचवीस हजारांवर असलेला माणूस आठ हजारांवर दाखवायचा तर मालकाचा दाखला लागतो. दूध घालतो हा, आणि डेअरीचं खातं बहिणीचं. नवरा-बायकोचं भांडण त्या दोघांचं असतं, पण खोटी नोंद आपल्यापैकी कुणाच्या तरी अक्षरात असते. म्हणून हा विषय या मेळाव्याचा आहे.

पोटगीच्या कायद्यातला अलीकडचा सर्वात महत्त्वाचा निकाल आपल्या विदर्भातूनच दिल्लीला गेला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ साली एका आईने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश झाला: आईला महिना १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये तो कायम केला. तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल दिला. अंतरिम पोटगीच्या अर्जाला सात वर्षं! अर्जाच्या वेळी मांडीवर असलेलं लेकरू तोवर शाळेत जायला लागलं होतं.

त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. शपथपत्रात खोटं लिहिलं तर फौजदारी कारवाईचा आणि न्यायालयाच्या अवमानाचाही विचार होईल.

या निकालाला जोडलेलं दुसरं परिशिष्ट शेतकऱ्यांसाठी वेगळं आहे, आणि ते तुम्ही प्रत्येकाने वाचावं अशी माझी विनंती आहे. जमीन किती, त्यात हिस्सा किती, फेरफार काय सांगतात, जमीन ओलिताची की कोरडवाहू, वर्षात कोणती पिकं घेतली, तीन वर्षांचं उत्पन्न किती, कुणाची जमीन ठोक्याने किंवा बटईने केली आहे का, गाई-म्हशी-शेळ्या-कोंबड्या किती, जमिनीवर कर्ज किती, हे सगळं तिथे शपथेवर सांगायचं आहे. नळगंगेच्या पाण्यावर भिजणारं वावर कोरडवाहू म्हणून दाखवता येईल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने सातबारावरची ई-पीक पाहणी आठवावी. हमीभावाने कापूस घातला असेल तर पैसे बँकेच्या खात्यात आलेले असतात. पूर्वी हे लपवायला एक वही पुरायची. आता चार ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि त्या जुळत नाहीत हे उलटतपासणीत दहा मिनिटांत उघडं पडतं.

आता हात लावणाऱ्याचं काय होतं, ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम २२८ प्रमाणे, न्यायालयीन कारवाईत पुरावा म्हणून वापरला जावा या हेतूने एखाद्या वहीत किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदीत खोटी नोंद करणं हा गुन्हा आहे. कलम २२९ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही नोंद नवऱ्यानेच केली पाहिजे, असं कलमात कुठेही नाही. ती करणारा मुनीम आरोपी होतो, सांगणारा मालक चिथावणीखाली येतो. कलम ३२३ तर अप्रामाणिकपणे मालमत्ता लपवणाऱ्याबरोबर लपवायला मदत करणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख करतं. प्रत्येक खोट्यावर खटला उभा राहतोच असं नाही. न्यायहितासाठी तक्रार आवश्यक आहे, असं न्यायालयाला वाटावं लागतं. पण ते वाटेल की नाही, हे आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात नसतं. वकिलांनीही लक्षात ठेवावं की बेकायदा हेतूसाठी झालेल्या बोलण्याला अशील-वकील गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही.

भावाला मिळालेलं वावर तरी सुटतं का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ सांगतं की, जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा कुणाचा हक्क असेल आणि ती जमीन फुकट दिली गेली असेल, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. पैसे देऊन घेतली, पण पोटगीच्या हक्काची माहिती होती, तरीही तेच. सख्ख्या भावाने "मला माहीत नव्हतं" म्हणायचं आणि ते कोर्टाने ऐकायचं, हे मला अवघड दिसतं.

अडत्यांसाठी एक कलम खास सांगते, कारण ते फार कमी जणांना ठाऊक आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, कलम २०, पोटकलम ६. नवऱ्याने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत, तर त्याखाली न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकाला किंवा ऋणकोला थेट आदेश देऊ शकतात की, त्याच्या पगारातला किंवा येणं असलेल्या रकमेतला भाग त्या बाईला द्या नाहीतर कोर्टात भरा. तुमच्याकडे त्याच्या सोयाबीनचे पैसे बाकी असतील तर तुम्ही त्याचे ऋणको आहात.

आणि जेलमध्ये जाऊन आलं की पोटगी फिटली, हा समज गावोगाव आहे. १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, तिने थकबाकी फिटत नाही.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मुलाची थकलेली पोटगी चुकवायला जाणूनबुजून मदत करणाऱ्याकडून त्या मदतीच्या मूल्याच्या तिप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद दिवाणी संहितेतच आहे. आपल्याकडे असं थेट कलम नाही, वेगवेगळ्या कायद्यांतले धागे जुळवावे लागतात. मला वाटतं, आपल्याकडेही ते यायला हवं.

ज्याचं पीक खरंच गेलं, ज्याच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही, त्या शेतकऱ्याची बाजूही मला इथे मांडायची आहे. त्याने घाबरू नये. तीन वर्षांच्या पट्ट्या, कर्जाचा उतारा, पीकविम्याचे कागद लावावेत आणि खरं तेच लिहावं. ते शपथपत्र त्याचंही संरक्षण करतं. त्याच्या खऱ्या अडचणीवर कोर्टाचा विश्वास बसत नाही तो इतरांच्या खोट्या दाखल्यांमुळे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

ताराबाई शिंदे याच जिल्ह्याच्या. त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ सालचं. त्यांचे वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कारकून होते, म्हणजे कागद लिहिणाऱ्याच्या घरातली ती लेक. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हे त्यांनी तेव्हा सहन केलं नाही. आपल्या पेशाने तरी त्यांचं नाव ठाऊक ठेवावं.

पोटगीतला मुलाचा हक्क स्वतंत्र आहे. आई कमावती असो वा नसो, तिची चूक असो वा नसो, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च त्याचा आहे. दस्त लिहिताना ते मूल आपल्यासमोर नसतं, म्हणून विसरायला सोपं जातं.

मी एक ठराव मांडते. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा खातेवाटपाचा कागद लिहिण्याआधी "पोटगीचा अर्ज किंवा आदेश आहे का?" हे प्रत्येकाने विचारावं आणि उत्तर दस्तातच निवेदन म्हणून घ्यावं. अडतीवर माल ज्याचा, पट्टी त्याच्याच नावाची. पगाराच्या दाखल्यावर हजेरीपुस्तकातलाच आकडा. मसुदा स्वागताध्यक्षांकडे दिला आहे, दुपारच्या सत्रात त्यावर मोकळेपणाने बोला. एकाने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जातं, ही दस्तलेखकांची अडचण खरी आहे, आणि ती एकट्यादुकट्याला सुटणारी नाही. म्हणून सह्या तालुक्यातल्या सगळ्या टेबलांच्या लागतील. पहिली सही माझी आहे.