एक्स-रे नॉर्मल, तरी दम का लागतो?

दम लागतो म्हणून माणूस एक्स-रे काढतो, तो नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. कृपा करून असे म्हणू नका. एक्स-रेत फुप्फुसाची घडण दिसते. श्वासातला प्राणवायू रक्तात उतरतो की नाही, ते त्यात दिसत नाही. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे कुठलेही बंदर डोळ्यांपुढे आणा. होड्या भरून आल्या, मासळी धक्क्यावर उतरली, पण न्यायला टेम्पोच नाहीत, तर बाजारात काय पोचणार? श्वास म्हणजे होड्या, वायुकोशाची पातळ भिंत म्हणजे धक्का आणि तांबड्या पेशी म्हणजे टेम्पो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा बारीक वाहिन्या आक्रसल्या की टेम्पोंचा रस्ता बंद. होड्या मात्र येतच राहतात.

ही अडलेली वाट दाखवू शकेल अशी तपासणी म्हणजे झेनॉन वायूचा एमआरआय. साध्या एमआरआयला फुप्फुस नीट दिसत नाही, कारण तिथे पाणी थोडे आणि हवा फार. म्हणून झेनॉन-१२९चे अणू लेसरच्या मदतीने आधी चुंबकीयदृष्ट्या एका दिशेला वळवतात. त्यांचा संकेत हजारो पटींनी वाढतो. रुग्ण लिटरभराच्या आत वायू ओढून काही सेकंद श्वास रोखतो. झेनॉन रक्तात विरघळतो आणि हवेत, भिंतीत व तांबड्या पेशींत त्याची कंप्रता वेगवेगळी येते. मासळी होडीत किती, धक्क्यावर किती, टेम्पोत किती, हे एका श्वासात कळते. भिंतीत संकेत चांगला आणि पेशींत क्षीण असेल, तर संशय रक्ताच्या बाजूवर. कोविडनंतर दम लागणाऱ्या, पण सीटी स्कॅन जवळजवळ नॉर्मल असलेल्या काही रुग्णांत ऑक्सफर्डच्या संशोधकांना असाच दोष २०२१मध्ये दिसला. पुन्हा सांगते, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून फुप्फुस नॉर्मल ठरत नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्याला काय उपयोगाचे? अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये या वायूला परवानगी मिळाली, तीही हवा कुठवर पोचते एवढे पाहण्यापुरती. रक्तप्रवाहासाठी तो अजून संशोधनातच आहे. आक्षेप रास्त आहे. पण डॉक्टरांना प्रश्न विचारायला झेनॉन लागत नाही. हवा आणि रक्त कुठवर पोचतात ते दाखवणारा व्हीक्यू स्कॅन आणि फुप्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते मोजणारी डीएलसीओ चाचणी मुंबईत होतात, हृदयाची इको पनवेललाही होते. सीटी अँजिओग्राफी पुरेशी नाही का? मोठी गुठळी ती दाखवते, अगदी बारीक वाहिन्यांतला अडथळा निसटू शकतो. आणि अचानक धाप लागली, एकच पाय सुजला, तर गुठळीची शंका घेऊन, चर्चा न करता थेट हॉस्पिटल गाठा.

आणखी एक, घाईतच सांगते. टेम्पोच कमी असतील तर रस्ता मोकळा असूनही मासळी धक्क्यावर पडून राहते. हिमोग्लोबिन कमी असले की पेशींतला झेनॉनचा संकेतही क्षीण येतो, म्हणून चित्र वाचताना तो आकडा हाताशी लागतो. ही साधी रक्ततपासणी दम लागणाऱ्याने आधी करून घ्यावी.