म्हातारपण आधीं कोणास येतें?

(ऊसतोडीहून परत आलेल्या मंडळींपुढें पाथर्डी तालुक्यांतील एका गांवीं एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



पांच-सहा महिने परमुलखांत, उसाच्या फडांत घालवून तुम्ही घरीं आलां आहांत. थकल्या जिवांपुढें आम्ही लांबलचक व्याख्यान देणार नाहीं. एकच प्रश्न विचारावयाचा आहे. एकाच गांवांत, एकाच वर्षीं जन्मलेले दोन गडी घ्या. एक शिकला आणि सरकारी कचेरींत कारकून झाला. दुसऱ्याची शाळा तिसरींत सुटली आणि त्याच्या हातीं कोयता आला. आज दोघेहि ५५ वर्षांचे आहेत. कारकून ५८ व्या वर्षीं सेवानिवृत्त होईल आणि सकाळीं फिरावयास निघेल. कोयतेवाल्यास ओट्यावरून उठतांना आजच गुडघ्यावर हात टेकावा लागतो. गांव एक, पाणी एक, जन्मसाल एक. मग एकाला म्हातारपण इतकें आधीं कां आलें?

आमच्या बापजाद्यांस याचें एकच उत्तर मिळत आलें: प्रारब्ध! दुसऱ्याच्या घामावर बसून खाणाऱ्यांनीं हा शब्द त्यांच्या गळ्यांत बांधला. परंतु प्रारब्ध शाळेचा दाखला पाहून कसें येतें, हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. विलायतेंत लंडन शहरीं १९६७ सालापासून सुमारें १८ हजार सरकारी नोकरांच्या प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षें ठेवण्यांत आली. त्यांत उपाशी कोणी नव्हता. सर्वांना कायम पगार होता, सर्वांना सरकारी दवाखाना मोकळा होता. तरीहि चाळिशीपासून चौसष्टीपर्यंतच्या नोकरांत, सर्वांत खालच्या पायरीवरील शिपाई व पहारेकरी यांच्यांत मरणाचें प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारें तिप्पट निघालें. मधल्या पायऱ्यांचें प्रमाण मधलें होतें. आणि कोणास कोणती पायरी मिळावयाची, तें बहुतेक शाळेंतच ठरून गेलेलें असतें. तेथें सटवाई कोणाच्या कपाळावर लिहावयास गेली नव्हती.

आपल्या देशांतहि २०१७-१८ सालीं ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी झाली. तींत एक नवल दिसतें. आपल्याला मधुमेह आहे असें सांगणारे लोक शिकलेल्यांत अधिक आहेत! कोणी म्हणेल, मग अडाणी राहिलेलेंच बरें. पण तसें नाहीं. शिकलेला रक्त तपासून घेतो, म्हणून त्याचा आजार कागदावर येतो. न शिकलेल्याचा आजार अंगांत असतो, पण त्याला नांव नसतें. एके दिवशीं अर्धें अंग लुळें पडतें, तेव्हां घरच्यांना कळतें कीं रक्तदाब होता. उठणें, बसणें, अंघोळ करणें या रोजच्या गोष्टी मात्र न शिकलेल्यांनाच अधिक जड जातात, हेंहि त्याच पाहणींत आहे.

हें होतें कसें, तें तुमच्याच कामावरून पाहूं. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारांत फड गांठावयाचा, दिवसभर कमरेंत वाकून तोडावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची. गाडी मध्यरात्रीं आली तर मध्यरात्रीं भरावयाची. कंबर, मान आणि गुडघे वयाच्या हिशेबानें झिजत नाहींत, मोळ्यांच्या हिशेबानें झिजतात. वर उचल अंगावर असते. ताप आला आणि घरीं निजलें तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून दुखणें पट्टा पडेपर्यंत पुढें ढकलावयाचें, ही रीत पडली. पुढें ढकललेलें दुखणें मुक्कामास येतें तें पन्नाशींत.

बायांची दशा तर याहून वाईट. फडांतलें अर्धें काम त्यांचें, आणि पालावरचें पाणी, सरपण, भाकरी, लेंकरूं हें सारें काम त्यांचें. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भपिशव्या ऐन उमेदींत काढण्यांत आल्या, हें २०१९ सालीं चव्हाट्यावर आलें आणि सरकारास चौकशी करावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयहि काढले तर बाईचीं हाडें लवकर ठिसूळ होतात, हें तिला कोणी सांगितलें होतें काय? ज्या कागदावर तिनें अंगठा उठविला तो तिला वाचतां आला असता, तर तिनें दोन प्रश्न तरी विचारले असते. संगमनेरकडे व नगर शहरांत विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनी फडांत जात नाहींत. पण मान खालीं घालून, तंबाखूची धूळ नाकांत घेत त्यांचेंहि आयुष्य सुपापुढेंच सरतें.

आतां सरकारच्या हिशेबाकडे पहा. कारखान्याच्या हजेरीपटावर जो कायम कामगार आहे, त्याला ५८ व्या वर्षीं पेन्शन आहे. १० वर्षांची नोकरी भरली पाहिजे. तीहि फार नाहीं. २०१४ सालीं किमान १००० रुपये ठरली. पण ऊस तोडणारा त्या हजेरीपटावर नाहींच; तो मुकादमाच्या वहींत आहे. निराधार वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजना आहे, तिला ६५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. कोयता मात्र पन्नाशी-पंचावन्नींतच हातून गळतो. मधल्या दहा-पंधरा वर्षांत या माणसानें खावें काय आणि औषध आणावें कोठून? जो लवकर झिजला त्यालाच आधार सर्वांत उशिरां, हा न्याय कोणत्या धर्मांतला? २०१९ सालीं ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें महामंडळ निघालें. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक कोयत्याची तपासणी आणि त्याला विसांव्याचें वेतन, हें त्यानें आपलें पहिलें काम समजावें, असा ठराव प्रत्येक गांवच्या ग्रामसभेनें करावा.

कोणी म्हणतील, "मास्तर, या वयांत आम्ही शिकून काय करणार?" त्यांनीं जामखेडकडे पहावें. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्यानें तेथें आरोग्याचें काम सुरूं केलें. त्यांनीं गांवोगांवच्या बाया निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या होत्या. त्याच बाया बाळंतपण, पोरांचा आहार, रोगाचीं लक्षणें शिकल्या आणि गांवाला शिकवूं लागल्या. विद्या म्हणजे मॅट्रिकची पाटी नव्हे. आपल्या देहाचा कारभार आपणास कळणें, ही पहिली विद्या, आणि तिला वयाची अट नाहीं. तिसाव्या वर्षापुढील कोणाचाहि रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट तपासतात. फडावर जाण्यापूर्वीं नवराबायकोनें दोघांनींहि जाऊन या. गोळ्या लागल्या तर सहा महिन्यांच्या कशा मिळतील तें विचारा, आणि चिठ्ठी गांठीला बांधून न्या. ती वाचतां येत नसेल तर शाळेंत या. चिठ्ठी वाचून देणें हें मास्तराचें कामच आहे. त्यांत उपकार नाहीं. विचारण्यांत लाज तर मुळींच नाहीं.

पण खरें औषध त्याहून मागें आहे. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गास होतो. तें गाऱ्हाणें आजहि पुरतें मिटलेलें नाहीं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० पासून लागू आहे, तरी दिवाळीच्या सुमारास आमचे वर्ग अर्धे रिकामे होतात. मुलें गाडींत बसून जातात. मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें आहेत. २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजनाहि निघाली. जेथें तीं नाहींत तेथें मागा. जेथें आहेत तेथें जेवण कसें मिळतें तें डोळ्यांनीं पहा. आणि मग मूल तेथें ठेवा. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठीं दहा वर्षांच्या पोरीला फडावर नेऊं नका. त्या पोरीची पन्नाशी कशी जावयाची, तें तुम्ही त्याच दिवशीं ठरवीत असतां.

दैवाचा हवाला टाकून द्या. आमची कंबर कोणत्याहि ग्रहानें मोडली नाहीं. ती मोडली ओझ्यानें, आणि ओझें डोक्यावर आलें शाळा सुटल्यामुळें. तें पोरांच्या डोक्यावर जाऊं न देणें आपल्या हातीं आहे. पुढच्या दिवाळीला तुमच्या गाड्या निघतील, तेव्हां आमच्या शाळेचे बाक भरलेले असावेत, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.

सत्याचा जय असो!